कपाळावरची जांभळी रेघ

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा अमृता आतल्या आरशाला नाक लावून ओल्या रुमालाने कपाळ घासत होती. बटण दाबायचंच विसरली होती वेडी, म्हणून दार पुन्हा त्याच मजल्यावर उघडलं. बाहेर एक उंच तरुण उभा होता, डोक्यावर टोपी... आणि चक्क हसत होता.

"नाही निघणार ती," आत येत तो म्हणाला. "मी साबणाने पण ट्राय केलं."

त्याने टोपी वर सरकवली. त्याच्याही कपाळावर तशीच जांभळी रेघ! केस लावायचे तर कुठून सुरू होतील, ते ठाण्यातल्या या मजल्यावरच्या हेअर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी पेनाने आखून दिलं होतं. दोन दिवस आरशात बघा, मग ठरवा, म्हणाले होते.

त्याचे केस मागे हटत चालले होते, तिचं कपाळ जन्मापासूनच मोठं. शाळेत मुलं 'विमानतळ' म्हणायची. तेव्हापासून कपाळावर बटा आल्या, आणि वारा सुटला की बटांवर हात. वर्तकनगरच्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना त्यांच्या चेहऱ्याला शोभेलशी फ्रेम निवडून द्यायची, पण स्वतःला आरशात भुवयांच्या वर कधी बघायची नाही.

"बघू?" तो म्हणाला. "मी ड्राफ्ट्समन आहे. रेघांचंच काम माझं." तिने नको नको म्हणेपर्यंत त्याचं बघून झालंही. "डावीकडे दोन मिलिमीटर खाली आलीय."

"म्हणजे तुम्ही पण माझ्या कपाळात खोट काढलीत!"

"कपाळात नाही हो... रेघेत."

अमृताला एकदम खूप उकडायला लागलं.

खाली उसाच्या रसाच्या गाडीवर कळलं, त्याचं नाव सिद्धेश, आंबिवलीचा. आणि दोघांची अडचण एकच होती. ऑपरेशनच्या दिवशी सोबत कुणीतरी लागतं, आणि घरी तर दोघांनीही सांगितलेलं नव्हतं.

"एक करू या?" सिद्धेश ग्लासात बघत म्हणाला. "माझ्या दिवशी तुम्ही या. तुमच्या दिवशी मी."

"ओळख ना पाळख!"

"एवढं कपाळ बघितलंय एकमेकांचं, अजून काय ओळख हवी?"

त्याची तारीख आधी आली. फॉर्मवर 'सोबत येणाऱ्याचे नाव' तिने झरझर लिहिलं, 'नाते' या रकान्याशी मात्र पेन अडलं. शेवटी 'मैत्रीण' लिहिलं. मग सात तास ती बाहेर बसून राहिली. डोक्याला पट्टी बांधून तो बाहेर आला आणि पहिलं काय विचारलं, तर –

"कंटाळलीस?"

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पण तिला कळलं! त्याला मान वाकवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून तिनेच डब्यातली पोळीभाजी भरवली. वरच्या पंख्याने बटा उडाल्या, सगळं कपाळ उघडं पडलं, आणि एका हातात डबा, दुसऱ्यात घास... घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, बटांवर हात ठेवायचं आज ती विसरलीच होती.

महिन्याने तिची तारीख आली. सिद्धेश तिच्याही आधी हजर होता, मांडीवर डबा घेऊन. लावलेले केस आधी गळतात आणि मग उगवतात, त्यामुळे तो सध्या पहिल्यापेक्षा जास्तच टकला दिसत होता. आणि तरी तिला तो इतका आवडला, की तिचं तिलाच हसू आलं.

तिने बटा मागे घेऊन पिना लावल्या होत्या. तो बघतच राहिला.

"मी आजची तारीख रद्द केली," ती म्हणाली. "पुढेमागे करीन, नाही करीन... माहीत नाही. पण लोक बघतात म्हणून नाही करायचं."

"अगं, आणि मी सुट्टी टाकून आलेलो!"

"मग? माझे सात तास मला हवेतच. ठरलंय आपलं."

लिफ्टचं दार बंद झालं. आरशात दोघं शेजारी शेजारी. सिद्धेश आरशातल्या तिच्याकडे बघत म्हणाला –

"अमृता... माझ्या फॉर्मवर तू 'मैत्रीण' लिहिलेलंस. मला ते बदलून हवंय."

अमृताने आवाज अगदी कोरडा ठेवला. "दवाखान्याच्या कागदांत खाडाखोड चालत नाही."

"मग कुठे लिहू?"

अमृताने मान वर केली, चेहरा त्याच्यापुढे धरला आणि डोळे मिटून घेतले.

"इथे लिही," ती म्हणाली. "जागा भरपूर आहे."

त्याने ओठ टेकवले ते बरोबर तिथे, जिथे पहिल्या दिवशी ती जांभळी रेघ होती. या वेळी बटण दाबायला दोघंही विसरले होते.