‘दार’च्या आधीचा श्वास

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. कोणाच्या गळी उतरवायला मी बसलेलो नाही. पण हे घडलंय. यंदाच्या लग्नसराईत, आपल्या नाशकात, आणि तेही भर दुपारी. ज्याच्यासमोर घडलं तो योगेश माझा सख्खा मामेभाऊ.

द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यावर योगेशचा छोटा स्टुडिओ होता. हळदीची, वरातीची गाणी रेकॉर्ड करायची आणि यूट्यूबला टाकायची, हा त्याचा धंदा. गाणारी बहुतेक वेळा त्याची धाकटी बहीण, सृष्टी. घरची गायिका, तिला चहा पाजला की झालं, असं तो चिडवायचा.

डिसेंबरात सृष्टीचं लग्न झालं. सासर निफाडचं, द्राक्षबागा असलेलं चांगलं घर. नवरा भूषण, एकदम साधा माणूस.

गडबड झाली ती हळदीच्या दिवशी.

योगेशचं एक गाणं अडकलं होतं. शेवटची एकच ओळ राहिलेली. लग्न झाल्यावर ही कुठली हाताला लागतेय, म्हणून त्याने तिला हळदीच्या अंगानेच गाडीवर बसवलं. सिंधुमामी दारात आडवी उभी राहिली. हळद लागलेल्या पोरीने उंबरा ओलांडायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. योगेश हसला. "मम्मी, गेलो आणि आलो."

सृष्टी माइकसमोर उभी राहिली. हात पिवळेधमक. ओळ होती, ‘हळदीचे हात माझे, लोटू कशी मी दार’.

ती ‘मी’ म्हणाली, थांबली, एक श्वास घेतला... आणि मग ‘दार’ म्हणाली.

बस्, एवढंच.

गाणं साफ करताना योगेश सगळे श्वास कापून टाकायचा. सगळेच रेकॉर्डिंगवाले कापतात. हा एक मात्र त्याने ठेवला. नुसता ठेवला नाही, वाढवला. मागचं संगीत तिथं बंद केलं. रडू गिळून पोरगी दाराशी उभी आहे, असं वाटायचं ते ऐकून.

आणि गाणं तुफान चाललं हो. निफाडपासून सुरगाण्यापर्यंत एक हळद या गाण्याशिवाय लागेना. नवरीच्या आया तेवढ्या जागेला पदर डोळ्याला लावायच्या. खाली कमेंट काय, तर ‘तो श्वास ऐकून अंगावर काटा आला’.

योगेश हवेत होता. बहिणीचं नाव झालं म्हणून खूश.

मग भूषणचा फोन आला.

"दादा, सृष्टीचा मधेच श्वास अडकतोय. आत घेते, तो बाहेरच येत नाय. मग आपोआप सुटतो. लय घाबरलीय ती."

डॉक्टर झाले, एक्स-रे झाले, दम्याचा पंप झाला. रिपोर्ट सगळे चांगले.

ती चार दिवस माहेरी आली. योगेश स्टुडिओत एकटाच, कानाला हेडफोन लावून त्याच गाण्याच्या रीमिक्सचं काम करत होता. काम म्हणून ते गाणं त्याने किती वेळा ऐकलं असेल, गणतीच नाही. पण त्या दुपारी बहिणीच्या काळजीने त्याचं मन हळवं झालेलं. तो श्वास आला आणि त्याचे डोळे भरले. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा रडला. पुन्हा ऐकलं...

फोन वाजला. सिंधुमामी होती.

"योग्या, घरी ये. पोरगी सारखी अडकायला लागलीय."

त्याने दुसऱ्या कानावरचाही हेडफोन काढला. पलीकडून मामी म्हणाली, थांब, आता सुटला बाई श्वास.

हे गाण्यामुळेच होतंय की काय, असं त्याच्या मनात आलं. तरी मन मानेना. खात्री करायला म्हणून त्याने फोन चालू ठेवून गाणं कोरडेपणाने ऐकलं. घरी काही झालं नाही. मग हळदीच्या दिवशीची सृष्टी आठवली, तिचे ते पिवळे हात आठवले, तो रडायला लागला...

पलीकडे मामी ओरडली.

कोणी नुसतं ऐकलं तर काही नाही. कोणाच्या काळजाला ते लागलं, की इकडे हिचा श्वास अडकायचा.

योगेशने त्याच दिवशी गाणं आपल्या चॅनलवरून काढून टाकलं. काय उपयोग? एव्हाना लोकांच्या मोबाईलमध्ये, रील्समध्ये, प्रत्येक डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये ते गेलेलं. त्याने डीजेवाल्यांना फोन केले, हातापाया पडला. लोक म्हणाले, हिट गाणं कोण बंद करतं का राव? आणि खरं कारण सांगणार कोणाला? गाणं एकवेळ बंद करता येईल, पण बघा ना, लोकांना ‘रडू नका’ म्हणून कसं सांगायचं?

निफाडला सासूबाई कॅलेंडर बघायला लागल्या. लग्नाची दाट तिथी असली, की त्या आदल्या दिवशीच सुनेला म्हणायच्या, उद्या कामाला हात लावू नको, पडून राहा. सृष्टी दिवसभर पलंगावर बसून असायची, छातीवर हात ठेवून. कोणाच्या घरी आनंद असला की हिच्या घरी सुतक, अशी अवस्था.

योगेश तिथीच्या दिवशी लग्नाची लॉन्स पालथी घालायचा. जमेल तिथे डीजेला विनवायचा. बाकी त्याच्या हातात काहीच नव्हतं.

अशाच एका तिथीला भर दुपारी तो आडगावकडच्या एका लॉन्सवर पोहोचला. कानाला फोन, फोनवर सृष्टी. डीजेवाला आवेज त्याच्या ओळखीचा, भला पोरगा. पण योगेश स्टेजपर्यंत जाईपर्यंत गाणं लागलं होतं.

नवरी आईच्या गळ्यात पडलेली. सगळा मांडव हळवा झालेला.

‘हळदीचे हात माझे, लोटू कशी मी...’

श्वास आला. आवेजने नवीन मिक्स बनवलं होतं. त्यात तो श्वास पुन्हा आला. पुन्हा आला. ‘दार’ येईच ना. बायका हुंदके द्यायला लागल्या.

फोनवर सृष्टीचा आवाज नव्हता. नुसतं घशात काहीतरी घासल्यासारखं ऐकू येत होतं. मग कसाबसा एक शब्द आला.

"दादा... बंद..."

योगेशने धावत जाऊन मेन वायर उपटली.

मांडवात एकदम शांतता.

फोनमधली घरघरही थांबली...

"सृष्टी?" तो म्हणाला. "सृष्टे, बंद केलं बघ. झालं आता."

काही नाही.

गाणं श्वासावरच तुटलं होतं. ‘दार’ आलंच नव्हतं.

हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने वायर परत लावली, आवेजला ओरडून पुढचा शब्द वाजवायला लावला. ‘दार’ वाजलं. मांडवभर घुमलं. पण फोनवर तोवर भूषणचा आक्रोश सुरू झाला होता.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. भूषण मला नंतर एवढंच म्हणाला, की तिची छाती वर आलेली होती, श्वास घेऊन धरल्यासारखी. चितेवर ठेवेपर्यंत तशीच.

योगेशने स्टुडिओ बंद केला. पण द्वारकेच्या सिग्नलला एखाद्या रिक्षात ते गाणं लागलेलं असलं, तर तो आजही रिक्षामागे पळतो. ‘दार’ ऐकू आलं की मगच थांबतो. सिंधुमामी रडते, म्हणते, अरे ती गेली, आता कशाला पळतोस? तो म्हणतो, "मधेच बंद पडलं तर ती तिथंच उभी राहील ना गं."

मला वाटायचं, धक्क्याने पोराचं डोकं फिरलंय.

मागच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात बायकोच्या मोबाईलवर ते गाणं लागलं. तिचा तवा गॅसवर, डोळ्यात पाणी. आणि नेमका तेवढ्यात कोणाचा तरी कॉल आला. गाणं थांबलं. तिने कॉल कट केला.

मोबाईल गप्प होता. आम्ही दोघं गप्प.

आणि कोणीतरी श्वास आत घेत होतं... घेतच होतं... संपतच नव्हता.

मी झडप घालून गाणं पुढे चालू केलं. ‘दार’ आलं तेव्हा कुठे आवाज थांबला.

ते गाणं अजून तिच्या मोबाईलमध्ये आहे. काढायला बोट पुढे नेतो आणि मागे घेतो. काढताना नेमकं त्याच जागी तुटलं तर?

तुमच्याकडेही असेल कदाचित. असलं, तर एवढंच करा... लावलंत तर पूर्ण वाजू द्या.