तिसरी लाईन

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? पटत नसेल तर पुढे वाचू नका.

जानेवारी २००२. येळ्ळ अमावस्या. दुपारचे अडीच.

मी विजापूरला पतसंस्थेच्या मुख्य ऑफिसात, विरूपाक्ष तालिकोटीच्या शाखेत. दोघेही नेटवर्कचं काम करणारे.

भूमीपूजेचा सण, अख्खं गाव शेतात जेवायला गेलेलं. शाखा रिकामी, लायनी मोकळ्या. चाचणीला असा दिवस पुन्हा मिळाला नसता, म्हणून मीच हट्टाने त्याला बसवलं. त्याच्या बायकोचा, सुमंगलाचा, सकाळी फोन आला होता. शेतात चारी दिशांना नैवेद्य उडवून तरी येऊ दे त्यांना, भूमीला उपाशी ठेवू नये म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

काम साधं होतं. दोन राउटरमध्ये एक लाईन कायम चालू. डेटाचा भार वाढला की राउटरने आपणहून दुसरी लावायची, उतरला की सोडायची. मी इथून भार टाकणार, तो तिथले दिवे बघून साध्या फोनवर सांगणार.

टाकला. पहिली भरली, दुसरी लागली.

"लागली," विरूपाक्ष म्हणाला. मग थांबला. "मुत्तण्णा... पंखा फिरतोय, पण आवाज येत नाहीये."

कानातला मळ काढ म्हटलं, आणि भार वाढवला.

फोनवर मागे कावळे कोकलत होते...

एकदम थांबले.

"खिडकीतच बसलेत. चोची उघडतायत नुसत्या. बंद कर, माराया."

माझं डोकं फिरलं. अर्ध्यात सोडलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं! अमावस्येला भ्यायला कुकुलं बाळ आहेस का, असं काहीबाही बोललो त्याला. दोन्ही लायनी काठोकाठ भरल्या.

"मी टेबलावर हात आपटतोय. ऐकू येतंय?"

येत नव्हतं.

"बंद कर रे..."

आता माझं धाबं दणाणलं. मी भार काढला. शून्य केला.

लायनी... भरलेल्याच.

मी काही पाठवत नव्हतो. तोही नाही. तरी कोणीतरी ओढत होतं. पडद्यावर राउटर तिसरी लाईन मागत होता. पुन्हा पुन्हा.

तिसरी लाईन नव्हतीच.

होती. आम्ही बोलत होतो ती.

"मुत्तण्णा, सुमंगलाला सांग..."

फोन कट झाला नाही. फक्त त्याचा आवाज संपला.

मी प्लग उपटला. उशीर झाला होता.

गाडी काढून तालिकोटीला पोचलो तेव्हा तो खुर्चीत बसला होता. ओठ हलत होते.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. आजही तो खोकतो, रडतो, हातातली वाटी आपटतो... आवाज येत नाही. कागद-पेन दिलं तर नुसता बघत बसतो.

सुमंगला दर अमावस्येला मला विचारते, "अण्णा, शेवटी माझ्यासाठी काही बोलले का हो?"

मी नाही म्हणतो.

हो म्हटलं, तर त्याआधी त्याने दोनदा काय विनवलं होतं तेही सांगावं लागेल.