शेजारच्या सीटचं वजन

तो आला होता नुसती हवा भरून घ्यायला.

मामाच्या टायरच्या दुकानात हवा भरायला येणाऱ्यांकडे मी मान वर करूनही बघत नाही. मी बघते ती चाकं. चाकांवरून मला माणूस कळतो, असा माझा दावा आहे. टायर एका कडेने झिजला असेल तर मालक आळशी, रिमवर फुटपाथचे ओरखडे असतील तर मालक घायकुतीला आलेला. मामा म्हणतो, "अगं मोजपट्टे, कधीतरी चाकाच्या वरही बघत जा." मोजपट्टी हे त्याने मला ठेवलेलं नाव. माझ्या खिशात कायम टेप असतो म्हणून.

त्या दिवशी चाकं बघितली आणि हसूच फुटलं. लाल, बुटकी, दोनच सीटची झोकदार स्पोर्ट्स कार... आणि चाकं इतकी बारकी, की मोठ्या बहिणीने धाकटीच्या चपला घातल्यासारखं दिसत होतं.

"हसलात का?"

मी वर बघितलं. मामाचं ऐकलं म्हणा. आणि – आता सांगूनच टाकते – डोळे छान होते. हसरे, आणि जरासे घाबरलेले.

"गाडीला हसले. तुम्हाला नाही."

"मीही हसतो रोज तिला. हिला मोठी चाकं बसतील का हो?"

"बसतील की. पण गाडी रोजची आहे की रविवारची?"

"रोजची! क्लिनिक, भाजी, लॉन्ड्री, सगळं हिच्यातच. फक्त आईला नेत नाही. ती एकदा आत बसली, तर उठवायला दोघं लागले."

तो दातांचा डॉक्टर होता. वाकड्या दातांना तार लावून सरळ करणारा. भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या, वीस इंची काळ्या चाकाकडे तो असा बघत होता, जसं लहान मूल खेळण्याच्या दुकानात बघतं.

"ती नाही," मी म्हणाले. "चाक जितकं मोठं, तितका त्याच्यावरचा टायर पातळ. खड्डा आला की थेट तुमच्या मणक्यात. महिन्याभरात रिम वाकेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल."

"मी शिव्या घालत नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात."

"मग तुम्हीच निवडा ना," तो म्हणाला. "मी येत जाईन... बघायला. चाकं."

चाकं निवडायला माणसाला किती वेळ लागावा? याच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. दुपारी क्लिनिक बंद करून यायचा, बरोबर लवंगेच्या तेलाचा मंद वास घेऊन. मी एकेक चाक गाडीला टेकवून धरायची, तो लांब जाऊन मान तिरकी करून बघायचा. हे जाड दिसतं, ते फार चकाकतं, याच्या काड्या कमी आहेत... मामा काउंटरमागून खाकरायचा. "डॉक्टर, लग्नाची मुलगी बघायला आलात की चाक?" असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा दोघांनाही एकदमच पाणी प्यायची आठवण झाली.

शेवटी अठरा इंची ठरली. करडी, बारीक काड्यांची. टायर पुरेसा जाड, म्हणजे मणका शाबूत. मी जमिनीवर बसून मडगार्डच्या आत टेप लावत होते, तेव्हा तो शेजारी उकिडवा बसला.

"एक विचारते," मी म्हणाले. "शेजारच्या सीटवर रोज कोण बसतं?"

त्याचे कान लाल झाले. "हे... चाकासाठी विचारताय?"

"अहो, चाकासाठीच! वजन आलं की गाडी त्या बाजूला दबते. मग चाक मडगार्डला घासतं. मला आत्ताच कळायला हवं."

"कोणी नाही." मग जरा थांबून – "अजून तरी."

ते 'अजून तरी' मी टेपवर मोजलं नाही, पण लक्षात मात्र ठेवलं.

"तुमचा एक दात पुढे आहे," तो एकाएकी म्हणाला.

"तार लावा म्हणताय?"

"छे, छे! मिलिमीटरभरच आहे. त्यामुळेच तर... हसू छान दिसतं."

मी चाकाआड तोंड लपवलं. आणि मग ती चाकंही मिलिमीटरभर बाहेर येतील अशीच बसवली. कडेला अगदी टेकल्यासारखी, पण न टेकणारी. गाडी रस्त्यावर उतरली तेव्हा मामासुद्धा "वा!" म्हणाला, आणि मामा सहसा कशालाच वा म्हणत नाही.

तो मात्र निघेचना. किल्ली या हातातून त्या हातात.

"मग... परत कधी येऊ?"

आता इथे काय म्हणायचं असतं हे जगातल्या कुठल्याही मुलीला कळलं असतं. मी काय म्हणाले? मी कामाच्या तोऱ्यात म्हणाले, "घासलं तर या. नाही घासलं तर यायचं काही कारणच नाही."

मामाने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर "बरं" म्हणाला आणि गेला.

गेला तो गेलाच. लाल काही दिसलं की मी मान वर करायची. कधी पोस्टाची गाडी, कधी कुणाची छत्री. काम इतकं चोख केलं होतं, की माणसाला परत यायची सोयच ठेवली नव्हती! मामा म्हणायचा, "हल्ली चाकाच्या वर बघतेस वाटतं." मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आणि एके दुपारी, पावसाची सर नुकतीच येऊन गेल्यावर, तो आला. हसत हसत.

"घासतंय!" लॉटरी लागल्यासारखा म्हणाला. "मागे, डावीकडे."

मी टॉर्च घेऊन वाकले. खरंच होतं. मडगार्डच्या आत चिखलाचा थर होता आणि त्याच्यात पुसून निघालेली एक चकचकीत रेघ. डावीकडेच. उजवीकडे काही नाही. म्हणजे शेजारच्या सीटवर वजन आलं होतं. मी दार उघडून बघितलं. सीटच्या शिवणीत पांढरी पावडर. बेल्टवरही पावडर.

चाकांवरून मला माणूस कळतो ना? कळला. अंगाला पावडर लावणारी, न चुकता बेल्ट लावणारी, नीटनेटकी कुणीतरी. 'अजून तरी' संपलं होतं.

"शेजारी कुणीतरी बसायला लागलंय," मी म्हणाले.

कान पुन्हा लाल. "म्हणजे... तसं... हो. म्हणजे अगदी तसं नाही."

"तात्पुरतं की कायमचं?"

"का?"

"तात्पुरतं असेल तर टायर जरा अरुंद टाकते. कायमचं असेल तर मडगार्डची कड आतून वळवावी लागेल. एकदा वळवली की पुन्हा सरळ होत नाही. नीट विचार करून सांगा."

त्याने खरंच विचार केला. माझ्याकडे बघत. "कायमचं व्हावं... अशी फार इच्छा आहे."

"अभिनंदन," मी म्हणाले आणि हीट गन आणायला आत गेले.

कड वळवताना रंग तापवावा लागतो, नाहीतर तडकतो. मी वायर उलगडली, प्लग लावला. डोळे भरून येत होते आणि राग येत होता, तो माझाच. दुसऱ्या कुणीतरी आरामात बसावं म्हणून मी माझ्या हातांनी जागा करून देणार होते. आणि तीही चोख. वाईट काम मला करताच येत नाही, हे माझं दुखणं आहे.

"अगं ए मोजपट्टे!" मामा ओरडला. "वजन घेऊन बघितलंस का आधी? सरळ कड वळवायला निघालीस ती! जा, शेजारी बस आणि एक चक्कर मारून ये."

बसले. पहिल्यांदाच. सीट खोल, पाय लांब, लवंगेचा तोच वास. ओला रस्ता चाकांखाली सुळसुळत होता. शाळेमागे एक दांडगा स्पीडब्रेकर आहे. त्यावरून गेलो. मी कान लावला. काही नाही.

"पुन्हा घ्या. जरा जोरात."

काही नाही.

"आता गाडी उजवीकडे वळवा. पूर्ण."

काहीही नाही. चाक आपलं गुमान फिरत होतं.

"घासत नाहीये," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "मी काही कागदाची नाही हो. ती आहे तरी केवढी? पैलवान आहे का?"

"कोण ती?"

"तुमच्या शेजारी बसते ती!"

त्याने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "प्लास्टर," तो म्हणाला.

"काय?"

"प्लास्टरच्या गोण्या. दातांचे साचे करायला लागतं. आधी एक ठेवली. घासेना. दोन ठेवल्या. तरी घासेना! मग चार ठेवल्या. बेल्ट लावला, नाहीतर गाडी सारखी टिंगटिंग करते... आणि या स्पीडब्रेकरवरून रोज येरझाऱ्या घातल्या. तेव्हा कुठे एकदाचं घासलं."

"पण कशासाठी?"

"तुम्हीच म्हणालात ना... घासलं तर या. नाही घासलं तर यायचं कारण नाही."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! हसू की रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं.

"चार गोण्या लागल्या?" मी डोळे पुसत म्हणाले. "म्हणजे माझं माप बरोबर होतं!"

"तुम्हाला एवढंच सुचलं?"

"आणि ही पावडर..."

"प्लास्टर. तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही."

"सांगा ना."

"कायमचं व्हावं म्हणालात," मी समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "ते काय गोण्यांबद्दल?"

"गोण्या सकाळीच उतरवल्या," तो हळूच म्हणाला. "सीट मोकळी आहे. अजून तरी..."

मी बेल्टवरची पावडर तळहाताने पुसली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. पुसून झाल्यावर हात मागे घ्यायचा राहून गेला, आणि गिअरवरचा त्याचा हात जवळच होता.

दुकानाशी आलो तेव्हा मामा हीट गन घेऊन दारातच उभा. "काय गं, किती घासतंय? वळवायची ना कड?"

"नको, मामा," मी बसल्या जागेवरून म्हणाले. "मी बसले तर घासत नाही."

मामाने माझ्याकडे बघितलं, डॉक्टरच्या लाल कानांकडे बघितलं आणि गनचं बटण बंद केलं.

"मग बस की," तो म्हणाला, आणि वायर गुंडाळत आत गेला.