पर्वत पाटियाचा आंधळा कॅमेरा

भेस्तानच्या देवळात दुपारचं कीर्तन रंगात आलं होतं. लोटूनाना खांबाला टेकून झोपले होते. झांज वाजली, की डोळे मिटूनच ते दोन्ही हात वर करत आणि सगळ्यांच्या आधी देवाचं नाव घेत.

"आज बुवांनी काय सांगितलं, नाना?" कीर्तन संपल्यावर गोपाल महाजनांनी विचारलं.

"फार गोड सांगितलं."

"पण काय?"

"सांगितलं ना, गोड."

गोपाल हसले. सुरतेच्या कापडबाजारातल्या चोऱ्या आणि फसवणुकी शोधून काढणं हा त्यांचा धंदा. लोटूनाना त्यांचे जुने सोबती. धंद्यात त्यांची मदत बेताचीच, पण सोबत मोठी.

मंडपाच्या दारात एक तरुण ताटकळत होता. योगेंद्र पाटील, सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका छोट्या कंपनीचा मालक.

"गोपालभाऊ, माझं यंत्र कुणीतरी बिघडवलं."

त्याने सगळं सांगितलं. टेबलावरून कापड सरकतं, वर कॅमेरा असतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली फट अशी खोट दिसली, की कॉम्प्युटर लाल दिवा लावतो. काल चेतनभाईंच्या कापड कारखान्यात ते दाखवायचं होतं. पसंत पडलं असतं, तर पहिलं मोठं काम मिळालं असतं.

"आणि?"

"बाजारातून परत आलेला तागा मुद्दाम नेला होता, खोटींनी भरलेला. दिवा एकदाही लागला नाही. हाच तागा आदल्या संध्याकाळी आमच्या टेबलावर तपासला, तेव्हा एकही खोट सुटली नव्हती."

"मधल्या वेळात तागा कुठे होता?"

"घरी, देवापुढे. सकाळी तिथूनच निघालो. पण तागा कशाला विचारता? कॉम्प्युटर रात्रभर ऑफिसात होता आणि पासवर्ड एकट्या विशाखाला माहीत, यंत्राला तीच शिकवते. बंगळुरूच्या मोठ्या कंपनीने तिला बोलावलंय. मी तिला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस."

"तिने काय म्हटलं?"

"काही नाही. म्हणूनच संशय पक्का झाला."

"माणूस दुखावला तरी गप्प होतो रे," गोपाल म्हणाले.

*

विशाखा ऑफिसात आपलं सामान पिशवीत भरत होती.

"मी कशालाही हात लावला नाही, काका. तुम्हाला पटेल तर पटेल."

"बंगळुरूला जाणार?"

"नाही म्हणून कळवलं होतं. आता परत फोन करावा लागेल. चोर ठरून निघाले, तर सुरतेत कोण काम देणार?"

"आधी नाही का म्हणालात?"

ती थांबली. "मोठ्या कंपन्या यंत्राचा मेंदू बनवतात. तो आम्हीही त्यांच्याकडूनच भाड्याने घेतो. पण त्या मेंदूला सुरतेचं कापड कोण शिकवणार? ते इथेच बसून शिकवावं लागतं. मला वाटलं, आपली जागा ती आहे."

"कशावर शिकवलंत?"

"बाजारातून परत आलेल्या मालावर. खोटी त्यातच भरपूर सापडतात."

कोपऱ्यात असे तागे रचले होते. लोटूनानांनी एकाच्या किनारीला लोंबणारा लाल दोरा ओढून पाहिला.

"ओढू नका, नाना. बाजारात तपासणाऱ्या बायका खोट सापडली, की तिच्यासमोर किनारीला दोरा ओवतात."

नानांनी हात मागे घेतला. गोपाल त्या दोऱ्याकडे बघत राहिले.

*

"कॅमेरा त्यांचा, लाइट पण त्यांचीच," चेतनभाई म्हणाले. "मला इथून खोट दिसते अने कॅमेरा झोपलेला."

"दुसरं कुणी यंत्र दाखवलं?"

"मोठी कंपनी आली होती ने. त्यांचं यंत्र आमच्या जरीलाच खोट म्हणतं. तक्रार केली, तर कहे परदेशी कळवतो. योगेंद्रभाई समोरच्या गल्लीतला माणूस, म्हणून आशा होती. उद्यापर्यंत थांबतो."

"योगेंद्रचा तागा कसा होता?"

"खोटीवाळा, पण मांडणी सुंदर. किनार एकदम चोख्खी."

बाहेर आल्यावर लोटूनाना म्हणाले, "हाच लबाड दिसतो."

"का?"

"गोड बोलतो."

*

योगेंद्रच्या घरी त्याची आई मालतीबाई साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. हातातली छोटी कात्री साड्यांचे सुटे धागे कापत भरभर चालत होती. याच कामावर त्यांनी मुलाला शिकवलं होतं.

"बठ भाऊ, चहा लेस ना?" असं अहिराणीत म्हणत त्या उठल्या. चहा ठेवतानाही कात्री बोटातच होती.

"तागा देवापुढे ठेवला होता म्हणे."

"हो ना. मन्हा पोऱ्याना पहिला बोहनीना माल. देवापुढे काय तसाच ठेवू?"

गोपालनी चहा संपवला, कात्रीकडे एकदा पाहिलं आणि ते उठले.

*

दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. विशाखा दाराशीच उभी राहिली, पिशवी खांद्यावर.

"विशाखाबाई, यंत्र एकदा चालवा," गोपाल म्हणाले.

बाजारातून परत आलेला तागा सरकू लागला. प्रत्येक खोटीला लाल दिवा लागला.

"बघा, चालतंय," योगेंद्र पुटपुटला.

गोपालनी खिशातून नवा, निर्दोष कापडाचा तुकडा काढला. त्याच्या किनारीला एक लाल दोरा ओवला आणि तुकडा कॅमेऱ्याखाली सरकवला.

लाल दिवा लागला.

चेतनभाईंनी तुकडा उचलून निरखला. खोट कुठेच नव्हती.

"कुणी काही बिघडवलं नाही," गोपाल म्हणाले. "आमचे नाना कीर्तनात झांज वाजली, की हात वर करतात. बघणाऱ्याला वाटतं, केवढे तल्लीन. पण एखाद्या दिवशी झांजच वाजली नाही, तर?"

"झोपून राहीन," नाना प्रामाणिकपणे म्हणाले.

"तसंच झालं. शिकवताना प्रत्येक खोटीसमोर दोरा होता. यंत्र खोट शिकलंच नाही, दोरा शिकलं. त्या संध्याकाळी तागा ऑफिसात होता, तेव्हा दोरे होते. चेतनभाईंना किनार चोख दिसली, तेव्हा नव्हते. मधे तो फक्त घरी होता. आणि घरात एका हातातली कात्री कधी थांबत नाही."

मालतीबाईंचा चेहरा उतरला. "बोहनीना माल साफ जावो, म्हणून कापले. मीच बुडवलं पोराले."

"उलट वाचवलंत, मावशी. मागावरून नवीन उतरलेल्या कापडाला दोरा कुठला? यंत्र पसंत पडून बसवलं असतं, तर चेतनभाईंचा खोटीचा माल चांगला म्हणून बाजारात गेला असता."

चेतनभाईंनी मान हलवली. "मग हवे शुं? आता काय करायचं?"

सगळे विशाखाकडे बघू लागले. ती योगेंद्रकडे बघत होती.

योगेंद्र उठून दारापर्यंत गेला. "सगळ्यांसमोर संशय घेतला, आता सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी. तू थांबलीस, तर भागीदार म्हणून थांब."

विशाखाने पिशवी खांद्यावरून उतरवली, पण लगेच खाली ठेवली नाही.

"दारावरच्या पाटीवर नाव लागेल?"

"आजच."

तेव्हा तिने पिशवी ठेवली. एक खुर्ची कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ ओढून तिने मालतीबाईंना बसवलं.

"चेतनभाई, तुमच्याच मागावरचं ताजं कापड द्या. मावशी, दोरा नाही ओवायचा. खोट दिसेल तिथे फक्त बोट ठेवा. किनार मी यंत्रापासून झाकते."

"आजच माणसाबरोबर मोकलतो," चेतनभाई म्हणाले. "काम तुम्हालाच."

दुपारी देवळात झांज वाजली. लोटूनानांचे हात अर्ध्यावर आले आणि थांबले. त्यांनी एक डोळा उघडला.

"गोपाल," ते हळूच म्हणाले, "थांब जरा. आधी ऐकू दे, बुवा काय सांगतात."