चार सेकंद मागे

चिप बसवल्यानंतर अकराव्या वर्षी हेमलता घोरपडे यांची स्मृती भरली. मेंदूज्वरानंतर नव्या आठवणी साठवायचं काम त्यांच्या कानामागची 'स्मृतिपूरक' चिप करत असे. सांगलीत अशी चाळीसेक माणसं होती. त्यांच्याकडे आता कुणी वळूनही पाहत नसे. पण चिपमधली जागा संपली आणि हेमलताबाई रोज सकाळी विचारू लागल्या, सुनेच्या कडेवरचं बाळ कुणाचं? ती तुमचीच नात, रेणू, असं कळलं की रोज नव्यानं ओशाळायच्या.

जोडचिप बसवणं भाग होतं. मूळ वेगाच्या चिपा बनायच्या बंद झाल्या होत्या. मिळत होती ती संथ. डॉ. शबाना मुजावर यांनी हेमलताबाईंना आणि त्यांचे पती विश्वासराव यांना समजावलं, की दोन्ही चिपांना एकाच तालावर चालावं लागतं. संथ चिप जलद होत नाही, जलद चिपेलाच संथ व्हावं लागतं. म्हणजे जुन्या आठवणीही उशिरा येणार.

"किती उशिरा?" हेमलताबाईंनी विचारलं.

"चारेक सेकंद, काकू. पण तुम्हाला ते जाणवणार नाही. जाणवेल ते समोरच्याला."

नातीचं नाव लक्षात राहणार होतं. त्यांनी सही केली.

नाव राहिलं. मात्र हेमलताबाईंना सगळं जग घाईवर आल्यासारखं वाटू लागलं. भाजीवाली त्यांचं उत्तर न ऐकताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. जेवताना त्या हसायच्या तेव्हा विषय बदललेला असे. हळूहळू त्यांच्या वतीनं विश्वासरावच बोलू लागले. आधी फोनवर, मग घरातही.

वर्षभरानं रेणूनं तापल्या तव्याला हात लावला. तवा आपणच ठेवलाय हे आठवून हेमलताबाई ओरडेपर्यंत तिची बोटं पोळली होती. त्या दुपारीच विश्वासराव त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

जोडचिप काढली तर वेग परत येईल, पण गेलं वर्ष पुसलं जाईल, रेणूसकट, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"काढायची का, काकू?"

एक सेकंद गेला, दुसरा गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. विश्वासरावांनी बायकोच्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं.

"तिची हरकत नाही," ते म्हणाले.

"मग आजच करू या?"

"नको," हेमलताबाई म्हणाल्या.

"बरं, आज नको," डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्मवर उद्याची तारीख घातली.