केवळाबाईच्या भिंतीवरचं गाणं

लातूर जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जिल्हा झाला, साहेब आले, कचेऱ्यांवर पाट्या चढल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. सगळं गाव घागरी घेऊन टँकरमागं पळत होतं आणि संगप्पा आपल्या दुकानात वाद्यं दुरुस्त करत होता. साहेबलोकांच्या मागोमाग ऑर्केस्ट्रे आलेले, त्यामुळं पेट्यांपेक्षा गिटारीच फार. तिथंच त्याचं डोकं फिरायचं. गिटार असावी लाकडाच्या रंगाची, कमरेत बारीक, साधी, असं त्याचं ठाम मत. शिंगं फुटलेली, चकचकीत गिटार कुणी आणली की विभूती लावलेल्या कपाळाला आठ्या घालून तो विचारायचा, "पोळ्याला न्यायलात का हिला?"

अशीच एक गिटार आणायला तो त्या दुपारी रेणापूरला गेला. ऑर्केस्ट्रात वाजवणारा शेषेराव महिन्यापूर्वी काविळीनं गेला होता. त्याच्या धाकट्या भावानं, हणमंतरावानं, निरोप धाडला होता: गिटार घेऊन जा, आरसे खरवडा, शिंगं कापा, नाहीतर मोडून टाका.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उन्हानं दारं लावून घेतलेली. हणमंतराव ओट्यावरच थांबला.

"दादा गेला त्या राती जागेवर पीठ पसरलं, दिवा लावून वर बांबूचं डालगं झाकलं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जीव पुढं गेला की पिठावर खूण उमटती. सकाळी बघतो तर काहीच न्हाई. ना पाऊल, ना रेघ. लोक म्हणतेत, त्या गिटारीतच अडकलाय. वैनी तिच्यापुढून हलत न्हाई, जेवत न्हाई."

"वैनी काय म्हणतेत?"

"न्या म्हणती. जीव हाय तिचा त्या गिटारीवर, पण दादा मोकळा व्हावा म्हणून न्या म्हणती. मास्तर, तिला ऐकू येत न्हाई. टायफॉइडनं कान गेलेत. तोंड दिसंल असं बोला."

संगप्पाच्या लिंगायतांत असली पिठाची पद्धत नव्हती. तरी उंबरा ओलांडताना त्यानं गळ्यातलं लिंग चाचपलं.

आत अंधार होता. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाची तिरीप उतरली होती, तेवढाच उजेड. शेषेरावाची बायको केवळाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि समोर खुंटीला ती गिटार. रंग गुलाबी, एक शिंग वर, एक खाली, आणि लमाणी चोळीला लावतात तसले बारके गोल आरसे अंगभर. याहून वाईट गिटार संगप्पानं जन्मात पाहिली नव्हती.

त्यानं ती खाली घेतली. घरभर दुष्काळाची धूळ बसलेली, भांड्यांवर, फोटोवर. तारा मात्र स्वच्छ होत्या. बोटाला खोबरेल लागलं. ताजं.

"तारा तुम्ही पुसता का, अक्का?"

"म्या कशाला हात लावू?" ती म्हणाली. "ह्यांना आवडत न्हाई."

तिरिपीत बसून त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि चमकला. खालचं शिंग मांडीत रुतलं, वरचं खांद्याला जाऊन टेकलं, आणि डावा हात सोडला तरी गिटारीची मान खाली येईना.

"ह्यांचा डावा हात बारीक होता, लहानपणापासून," केवळाबाई म्हणाली. "वजन पेलायचं न्हाई. म्हणून घरीच फळी कापून केली."

"आणि आरसे?"

"ते माझ्यासाठी. कान गेले तवा लावले. म्हणाले, डोळ्यानं ऐक... वाजवा की, मास्तर. जाण्याआधी एकदा."

त्यानं एक जुनी चाल छेडली. आरशांवरचं ऊन फुटून भिंतभर कवडसे नाचू लागले. सूर लांबला की लांबायचे, ठेका आला की थरथरायचे. केवळाबाईची बोटं गुडघ्यावर बरोबर तालात पडत होती. "कडवं गाळलं तुम्ही," ती हसून म्हणाली. खरंच गाळलं होतं. ही शिंगं, हे आरसे, हा गुलाबी रंगसुद्धा संगप्पाला एकाएकी इतका आवडला, की यातली एकही गोष्ट कापायला आपला हात धजणार नाही हे त्याला कळून चुकलं.

त्यानं तारांवर तळवा ठेवून गाणं थांबवलं.

कवडसे थांबले नाहीत.

त्यानं वर पाहिलं. ऊन सरकून तिरीप केव्हाच कोपऱ्यात गेली होती. मांडीवरची गिटार सावलीत होती. आणि भिंतीवर ते गाळलेलं कडवं सावकाश चाललं होतं... तळव्याखाली तारा हलकेच थरथरत होत्या. त्याला हात उचलायचंही भान राहिलं नाही.

"मास्तर..." केवळाबाई भिंतीवरून नजर न काढता कुजबुजली. "हे तुम्हीच वाजवायलात ना?"

हो म्हटलं असतं तर तिनं गिटार सुखानं दिली असती. संगप्पानं दोन्ही हात वर करून तिला मोकळे तळवे दाखवले.

तिनं तळव्यांकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "अडकलेत का हो ते?"

संगप्पा भिंतीकडं पाहत राहिला. कवडशांना कसली घाई नव्हती. बायको समोर बसली आहे, दुपार मोकळी आहे, असं ते वाजवणं होतं.

"न्हाई, अक्का," तो तिला दिसेल असं, शब्द सुटे करून म्हणाला. "अडकलेला माणूस असं वाजवत नसतो. तुमच्यासाठी बसलेत. तुम्ही जेवा."

त्यानं गिटार खुंटीला लावली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "ह्यात कापण्यासारखं काही न्हाई," त्यानं हणमंतरावाला सांगितलं. "इथंच राहू द्या. म्या सांगतो म्हणून राहू द्या." हणमंतरावानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला शेजारी गेला.

संगप्पा ओट्यावर वाकून चपला घालत होता. बंद दारामागं भाकरीची टोपली सरकवल्याचा आवाज झाला. मग केवळाबाई बोलली, अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाचं ऐकून उत्तर द्यावं तशी.

"असं व्हय?... मग वाजवायला जरा दम धरा. जाऊ द्या मास्तरांना."