दुरावांक

वेल्झिन गावाचा दुरावांक त्या मंगळवारी एकाहत्तरवर गेला. लेआ अष्टमकरने यंत्र बंद केलं आणि ती ज्यू गल्लीतल्या हर्शेलच्या दुकानाकडे निघाली. इशारा द्यायचा अधिकार फक्त सरकारला होता, आणि सरकार पंच्याहत्तरची वाट पाहत होतं.

दुरावांक म्हणजे शेजाऱ्यांमधल्या दुराव्याचं मोजमाप. ज्यूंच्या वस्त्यांवर शतकानुशतकं हल्ले झाले. त्यांतल्या शेकडो हल्ल्यांच्या साक्षी, पत्रं, रोजनिश्या या यंत्राने वाचल्या होत्या. शिव्या आणि घोषणा एरवीही असायच्याच. त्यांवरून काही कळत नव्हतं. पण हल्ल्याआधी काही आठवडे साध्या गोष्टी थांबत. शेजारीण मीठ मागायला येईनाशी होई, मुलं एकमेकांकडे खेळायला जाईनाशी होत. आता दारांवरच्या घंटा आणि फोन यांवरून यंत्र तेच मोजत होतं.

लेआ या परक्या देशात यंत्राच्या कामासाठी आलेली; मूळची रेवदंड्याकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांचं घर कुणी कधी जाळलं नव्हतं. ही भीती तिला कागदावरूनच माहीत होती.

हर्शेल घड्याळं दुरुस्त करत बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“किती दिवस?”

“दहा-बारा. चुकूही शकतं.”

“शेजारी यायचे थांबले म्हणून? मग माझ्यापुरतं चुकलंच तुमचं यंत्र. यानेक चाळीस वर्षं शेजारी आहे माझा. बायको गेली तेव्हा खांदा दिला त्याने.”

“शेवटचे कधी आले होते?”

हर्शेल बराच वेळ आठवत राहिला. “त्याचे गुडघे दुखतात,” तो म्हणाला.

मग तो उठला. बायकोच्या चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्या त्याने फडक्यात गुंडाळल्या आणि शेजारी गेला. परतला तो रिकाम्या हाताने.

“सांभाळतो म्हणाला. मी म्हटलं, परत आलो की नेईन. तर बरं म्हणाला.” हर्शेल खुर्चीत टेकला. “कुठे चाललास, हे नाही विचारलं त्याने.”

त्याच संध्याकाळी त्याने गल्लीतली दारं ठोठावली. चार दिवसांत हर्शेलसह निम्मी वस्ती गाव सोडून गेली.

आणि दुरावांक उतरला. ज्यांचे शेजारी तुटले होते तीच घरं निघून गेली होती. उरलेल्यांची सरासरी बावन्नवर आली. लेआने वरिष्ठांना हे परोपरीने सांगितलं. त्यांनी धोका टळल्याचं जाहीर केलं. यंत्रावर विसंबून एकोणीस कुटुंबं परत आली. परत जाऊ नका, असं हर्शेलने त्यांना फोन करून करून विनवलं होतं.

दहाव्या दिवशी गल्ली पेटवली गेली. परतलेल्यांपैकी कुणी वाचलं नाही.

पुढे चौकशी झाली. यानेक काठी टेकत आला. हल्ल्यात त्याचा हात नव्हता, हे सिद्ध झालंच होतं. आपल्याला काहीही ठाऊक नव्हतं, असं त्याने शपथेवर सांगितलं, आणि लेआला ते खरं वाटलं.

“मग हर्शेल मेणबत्तीदाण्या ठेवायला आले, त्याआधी चाळीस दिवस तुम्ही त्यांच्याकडे का गेला नाहीत?” तिने विचारलं.

 यानेक मनापासून आठवू लागला. चौकशी अधिकारी थांबून राहिले. त्याला कारण सापडलं नाही.